ताई सोशिक नव्हती

ताई माझ्याहून मोठी, पण दहावीत आम्ही एकाच वर्गात होतो, एकाच बाकावर. तिची दोन वर्षं दुखण्यात गेली होती. एकदा परीक्षेच्या वेळी ती दवाखान्यात होती आणि एकदा हजेरी भरली नाही. तोवर मी मागून येऊन तिला गाठलं. शाळेत सगळे तिला सुजाता म्हणायचे, मी एकटीच ताई म्हणायची. मग काही मुलं गमतीनं ‘सुजाताताई’ म्हणू लागली, तेव्हा तिनं मला शाळेत ताई म्हणायची बंदी केली. ती मी एक दिवससुद्धा पाळू शकले नाही. लहानपणापासून तोंडात बसलेला शब्द शाळेच्या फाटकाशी कसा काढून ठेवणार?

तिला सिकलिंग होतं. आमच्या समाजात, आणि भिलाईतल्या आमच्या आजूबाजूच्या छत्तीसगढी घरांतही, हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि जिथे अडकतात तिथलं हाड आतून कुणी पिळत असल्यासारखं दुखतं. थंडी लागली, पाणी कमी प्यायलं, जास्त दमलं की दुखणं उठतं. आई-बाबा दोघांच्याही रक्तात ते थोडं थोडं होतं आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. ताईत ते पुरतं उतरलं. माझ्यात अर्धं, म्हणजे मला काहीच झालं नाही. मी धडधाकट निघाले. घरात माझ्याबद्दल बोलायची वेळ आली की एवढंच बोललं जायचं, ‘करुणाची काही चिंता नाही.’

भिलाईच्या कॅम्प-१ या कामगार वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेनवर होते. त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची आणि तिच्याबरोबर आमच्या घराची सकाळ बदलायची. पहिली शिफ्ट असली की पहाटेच स्टोव्हचा आवाज, सायकलची चेन, मग लांबून प्लांटचा भोंगा. दुसरी असली की बाबा दुपारपर्यंत घरी, आणि आई आम्हाला खुणांनी बोलायला लावायची, कारण ते झोपलेले असायचे. मालगाड्यांचं शंटिंग मात्र कुठल्याच शिफ्टला थांबत नसे. डबे एकमेकांवर आदळले की भिंतीवरची ताटं किणकिणायची. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नसे. मूळ गावाहून, भंडाऱ्याहून, पाहुणे आले की ते दचकायचे, मग आम्हाला कळायचं की आवाज झाला.

स्वयंपाक ताईच्या रक्तासाठी व्हायचा. ज्यानं ज्यानं रक्त वाढतं असं कुणी सांगितलं ते सगळं आई शिजवायची. पालक, चवळीची भाजी, बीट, गुळाचा शिरा, भिजवलेले हरभरे. वेगळा स्वयंपाक करणं जमणारं नव्हतं, म्हणून तेच मीही खायची. बाबा तेवढे उन्हाळ्यात छत्तीसगढी सोबत्यांसारखी बासी खायचे, रात्रीचा भात पाण्यात भिजवून, वर कच्चा कांदा आणि मिरची. ताईला ती फार आवडायची, पण थंड म्हणून तिला मनाई होती. आई पाणी भरायला गेली की ती बाबांच्या ताटात हात घालायची. बाबा बघून न बघितल्यासारखं करायचे. तिला पकडलं तर ती शांतपणे माझ्याकडे बोट दाखवायची.

आता मी चाळिशी ओलांडली आहे आणि नागपूरला राहते. मराठी आमच्या घरी नुसती बोलली जायची. शाळा हिंदीतून, वही हिंदीतून. मराठी लिहायला मी लग्नानंतर शिकले, मुलीच्या पहिलीच्या पुस्तकातून, तिच्याबरोबर. म्हणून हे लिहिताना कुठे एखादा शब्द हिंदीच्या अंगानं गेला तर वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

त्या काळात आईच्या तोंडी ताईसाठी एकच शब्द होता, सोशिक. शेजारच्या बाया दाराशी आल्या की आई म्हणायची, ‘लई सोसते वो माही पोरगी. तोंडातून शब्द नाही काढत.’ हे खरं नव्हतं. दुखायला लागलं की ताई गल्लीभर ऐकू जाईल इतकं ओरडायची, गरम रेतीची पोटली फेकून द्यायची, डॉक्टरांना नावं ठेवायची. पण आई ते सांगायची नाही, आणि ऐकणाऱ्या बायाही, ज्यांनी ते ओरडणं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असायचं, मान हलवून म्हणायच्या, बिचारी. ताई आतल्या खोलीत हे ऐकत असायची. तिच्या तोंडाकडे पाहिलं की मला कळायचं, पण काय कळायचं ते मला सांगता आलं नसतं.

त्या वर्षी इंग्रजीला साहू सर आले. तरुण होते. नंदिनी नगरचे, वडील चुनखडीच्या खाणीत नोकरीला होते, आणि सर रोज तिथून स्कूटरनं यायचे. वर्गात शिरले की आधी रुमालानं केस झाडायचे. त्यांच्याआधीच्या बाईंचं इंग्रजी फाडफाड होतं आणि आम्हाला त्याचा धाक वाटायचा. सर हळू बोलायचे, मध्येच थांबून शब्द शोधायचे, आणि सापडला नाही तर आम्हालाच विचारायचे. ते म्हणाले की इंग्रजी लिहिता येऊन उपयोग नाही, बोलता आलं पाहिजे, आणि बोलायचं तर माणसांबद्दल बोला, त्यात सगळ्यांनाच रस असतो. मग त्यांनी फळ्यावर शब्द लिहून दिले. काइंड, लेझी, प्राउड, ऑनेस्ट, शाय. माणूस कसा दिसतो ते नाही, माणूस कसा आहे ते सांगणारे शब्द.

मग खेळ सुरू झाला. बाक भिंतीकडे सरकवायचे, एकाला बाहेर व्हरांड्यात पाठवायचं, आत वर्गानं आपल्यातलाच एक जण निवडायचा. बाहेरचा आत आला की एकेकानं इंग्रजीत त्या माणसाचं वर्णन करायचं आणि त्यानं नाव ओळखायचं. चाळीस मुलांचा वर्ग, आणि जी मुलं नाव विचारलं तरी खाली बघायची तीही त्या तासाला हात वर करू लागली. व्याकरणाचा चुराडा व्हायचा. सर काही बोलत नसत.

पहिल्याच आठवड्यात टिकेश्वर नावाच्या मुलानं एका वर्णनाला सुरुवात केली. टिकेश्वर वर्गातला सगळ्यात दांडगा, मनानं चांगला, पण जीभ सैल. तो म्हणाला, ‘शी इज वीक. शी इज ऑलवेज अ‍ॅब्सेंट.’ तिसरं वाक्य त्याला म्हणावंच लागलं नाही. बाहेरून आलेली मुलगी म्हणाली, ‘सुजाता.’ वर्गानं टाळ्या वाजवल्या. ताईही हसली. तिनं टाळीसुद्धा वाजवली. मी तिच्या शेजारी होते. माझी मान वर होईना.

साहू सरांनी टाळी वाजवली नव्हती. इंग्रजी बाजूला ठेवून ते म्हणाले की ही तिची तब्येत झाली. आपल्याला तिचा स्वभाव विचारला होता. कोण सांगेल? कुणी हात वर केला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, ‘शी इज सिन्सिअर.’ सरांनी विचारलं, कशावरून? मला काही सुचलं नाही. सख्खी बहीण, एका गादीवर झोपणारी, आणि मला एक गोष्ट सुचली नाही. सर म्हणाले, बैठो. त्या दिवसापासून त्यांनी खेळाला नियम घातला. दिसणं नाही, तब्येत नाही, घरची परिस्थिती नाही. एक शब्द, आणि त्या शब्दामागे एक किस्सा. किस्सा नसेल तर तो शब्द वापरायचा नाही.

घरी जाताना पॉवर हाउसच्या बाजाराकडे वळलो तेव्हा ताईनं विचारलं, ‘करुणा, मी मेली तं हे लोक इतकंच सांगतीन का? वीक अन् अ‍ॅब्सेंट?’ मी म्हटलं, असं अभद्र बोलू नको. ती म्हणाली, ‘मी बोलून नाही राहिली. पूछ रही हूं.’

त्यानंतर काही आठवडे ताईचा नंबर आला नाही. दिवाळीच्या सुट्या होऊन शाळा पुन्हा भरली, ऊन कोवळं झालं, ताईच्या अंगावर स्वेटर चढला. मग एका दिवशी बाहेर जायची पाळी तिची आली. ती व्हरांड्यात गेली, दार लोटलं, आणि आत लता राव नावाची मुलगी पटकन म्हणाली की आज सुजाताचंच नाव घेऊया. तिनं स्वतःलाच ओळखायचं. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पण नियम पाळायचा, म्हणाले.

ताई आत आली आणि मध्ये उभी राहिली. लतानं सुरुवात केली. ‘शी इज बॉसी.’ आणि किस्सा असा की ही व्यक्ती मधल्या सुट्टीत मुलांना आपली बाटली भरायला पाठवते, आणि कुठल्या नळाचं पाणी आणायचं तेही सांगते. मुलं ऐकतात. इतकं बोलताना लताच्या इंग्रजीत निम्मी हिंदी होती. ताईनं विचार केला आणि म्हणाली, ‘लता, तू खुद?’ वर्ग हसला. मग टिकेश्वर उठला. ‘शी इज अ चीटर.’ कॅरम खेळताना ही खोकल्याचं निमित्त करते आणि कोपरानं सोंगटी ढकलते. ताईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिला वाटत होतं ते कुणाला दिसत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. तरी तिनं नाव दुसऱ्याच मुलीचं घेतलं. मागच्या बाकावरून कुणी म्हणालं, ‘शी इज ब्रेव्ह,’ गणिताच्या सरांचं फळ्यावरचं उत्तर चुकलं होतं आणि त्यांचा इतका धाक असताना हिनंच उभं राहून सांगितलं. कुणी म्हणालं जेलस, लता स्कूटी चालवायला शिकली तेव्हा ही आठवडाभर तिच्याशी बोलली नव्हती. लतानं मोठ्यानं हो म्हटलं. शेवटी सरांनी मला विचारलं. या वेळी माझ्याकडे होतं. मी म्हटलं, ‘शी इज इम्पेशंट.’ कुठलाही धडा आला की ही आधी शेवटचं पान वाचते आणि मग दुसऱ्यांना शेवट सांगून टाकते.

ताईनं आणखी एक नाव घेतलं. तेही चुकलं. मग ती म्हणाली, ‘सर, नहीं आ रहा. हार गई.’ आणि सगळा वर्ग एकदम ओरडला, ‘तू!’

तिचा चेहरा मला अजून आठवतो. आनंद नव्हता तो, निदान आधी तरी नव्हता. रस्त्यात कुणी आपल्याला हाक मारावी आणि आपण मागे वळून दुसऱ्या कुणाला मारली असेल म्हणून बघावं, तसा होता. तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवून विचारलं, ‘मैं?’ मग ती टिकेश्वरकडे वळून म्हणाली की ती सोंगटी आपोआप सरकते, बोर्डच तिरपा आहे. वर्गात इतका गोंधळ झाला की शेजारच्या वर्गाचे सर बघायला आले.

त्या दिवशी ती घरी चालत आली नाही, नाचत आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं आईला सांगितलं की मी बॉसी आहे, चीटर आहे, जेलस आहे आणि ब्रेव्ह आहे. आईला एकाही शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. मी एकेक करून सांगितला. आईच्या हातातलं लाटणं थांबलं. बिमार पोरीला भर वर्गात चोरटी म्हणतात, मास्तर समोर बसून ऐकतो, ही कुठली शाळा, उद्याच जाऊन विचारते, असं ती बोलत सुटली. ताई म्हणाली, खबरदार गेलीस तर. मग ती आईच्या समोर पाटावर बसली आणि तिनं जे मागितलं ते मी कुठल्या मुलीला आईकडे मागताना पुन्हा ऐकलं नाही.

ती म्हणाली, ‘आई, माहा एक दोष सांग.’

आई म्हणाली, ‘कावून? माह्या पोरीत काही दोष नाही.’

‘एक तरी सांग ना. करुणाचे तं रोज सांगतं.’

‘करुणाची गोष्ट अलग हाये.’

‘काय अलग हाये?’

आईनं पोळी तव्यावर टाकली. ताई वाट बघत बसून राहिली. शेवटी आई तव्याकडे बघतच म्हणाली, ‘तू सोसतं, बाई. इतकं सोसतं. तुह्यात मी काय दोष काढू?’ ताई उठली आणि आतल्या खोलीत गेली. बाबा शिफ्टवरून आले तेव्हा त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चारही शब्द मला पुन्हा पुन्हा विचारून घेतले, हात धुतले, आणि आत जाऊन ताईला म्हणाले की कॅरममध्ये कोपर लावायचं तर शर्टाची बाही लांब पाहिजे, म्हणजे ते दिसत नाही. ती हसल्याचा आवाज आला. आई हसली नाही. आज मला आईची बाजूही दिसते. ज्या लेकरावर रागावल्यानंतर पुढच्या घटकेला त्याला दवाखान्यात न्यावं लागेल, त्या लेकरावर आई रागावायचंच सोडून देते.

जानेवारीत थंडी वाढली. ताईला आधी पायांत दुखायला लागलं, नेहमीसारखं. आईनं रेती तापवली, पाणी पाजलं, गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी दुखणं छातीत गेलं आणि तिला श्वास पुरेना. शेजाऱ्यांच्या ऑटोतून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. बाबांना प्लांटमधून बोलावून आणलं. त्यांनी रक्त दिलं, गल्लीतल्या दोघांनी दिलं. डॉक्टर तिच्यापाशीच होते, त्यांनी जे करता येतं ते सगळं केलं. मला दिवसा थोडा वेळ भेटू दिलं. तिच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. तिनं तो बाजूला करून विचारलं की इंग्रजीच्या तासाला आज कोण बाहेर गेलं होतं. मी सांगितलं, तर म्हणाली, ‘त्याले तं कोणीबी ओळखलं असतं.’ नर्सनं मास्क परत लावला आणि ताईनं तिच्याकडे असं पाहिलं की ती नर्स हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. बाबा मला शाळेतून न्यायला आले होते. त्यांना सायकल उभी करता येईना, ती पुन्हा पुन्हा कलंडत होती. शेवटी त्यांनी ती तशीच आडवी टाकली आणि मला म्हणाले, चाल बाई, घरी चाल.

त्यानंतरच्या दिवसांत आमच्या घरी माणसांचा ओघ होता. भंडाऱ्याचे नातेवाईक आले, विहारातले आले, बाबांच्या खात्यातले आले. सगळ्यांच्या तोंडी तेच. किती सहन केलं पोरीनं. कधी तक्रार नाही. गरीब स्वभाव. आई भिंतीला टेकून बसलेली असायची आणि मान हलवायची. मी पाणी द्यायची, चहा द्यायची. मला कुणी काही विचारत नव्हतं आणि मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. पण ते शब्द ऐकले की मला वाटायचं की ही माणसं चुकीच्या घरी आली आहेत, दुसऱ्याच कुणाच्या मुलीला भेटायला.

जलदानविधीच्या दिवशी अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. साहू सर आले, त्यांच्याबरोबर लता, टिकेश्वर आणि आणखी काही मुलं. ती मागे एका ओळीत बसली, बूट काढून. वंदना झाली. मग आमच्याकडे रीत असते त्याप्रमाणे चार जण उठून दोन शब्द बोलले. माझे मोठे मामा बोलले. ते म्हणाले की सुजाता म्हणजे सहनशीलता. ते चांगले बोलत होते, त्यांना रडूही येत होतं. टिकेश्वरनं मान वर केली आणि सरांकडे पाहिलं. सरांनी हळूच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

तेवढ्यात आई उठून उभी राहिली. बाया तिला धरायला गेल्या, त्यांना वाटलं तिला चक्कर आली. तिनं त्यांचे हात बाजूला केले.

‘माही पोरगी सोशिक नव्हती,’ ती म्हणाली. मामा बोलायचे थांबले. ‘सोसत नव्हती ते. दुखलं का ओरडत होती, साऱ्या गल्लीले माहीत हाये. मीच सांगत होती सोसते म्हणून. दवाखान्यात मी तिच्यापाशी रडून राहिली होती, तं मले म्हणे, आई, तू रडतं तं मले तुले सांभाळा लागते. जाय, बाहेर रडून ये. मायले हुकूम देल्ला तिनं. अन् मी गेली बाहेर. रडली, तोंड धुतलं, मंग आत आली. तं म्हणे, आता बस.’ आई मामांकडे वळली. ‘अशी होती ते. कडक होती. तिले गरीब नका म्हणू.’

ती खाली बसली. मामा तसेच उभे होते. मग मागून टिकेश्वर रडायला लागला, मोठ्यानं, लहान मुलासारखा, आणि लतानं त्याला गप्प केलं नाही.

साहू सरांनी त्या वर्षी तो खेळ पुन्हा घेतला नाही. परीक्षा झाली, मी पास झाले. पुढच्या वर्षी सरांना दुसरीकडे नोकरी लागली. दहावी संपेपर्यंत बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामीच होती. तिथे कुणी बसायचं नाही, आणि मी कुणाला बस म्हटलं नाही.

आईचं मात्र उलटं झालं. ती ताईबद्दल बोलायला लागली की थांबत नसे. आधी जे जे लपवलं होतं ते सगळं सांगायची. बासी कशी चोरून खायची, गोळ्या जिभेखाली धरून अंगणात कशा थुंकायची, माझ्या नावानं काय काय खपवायची. बाबा जेवता जेवता ऐकायचे. कधी आईच मध्ये हसायची आणि तोंडावर पदर घ्यायची. असे काही महिने गेले. मग एका संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती आणि एकदम म्हणाली, ‘तिचे किस्से सरले वो माह्यापाशी. आता नवे थोडेच होणार हायेत.’

तेव्हा मी तिला शाळेतला एक सांगितला, तिला माहीत नसलेला. टिकेश्वरला ताईनं महिनाभर आपली बाटली कशी भरायला लावली होती, आणि का. आईनं निवडणं सोडून ऐकलं. त्या दिवशी मी ठरवलं की सगळे एकदम सांगायचे नाहीत. शाळेतली ताई माझ्याकडे होती, आईकडे नव्हती. मी ती पुरवून पुरवून सांगत राहिले. लग्न होऊन नागपूरला आल्यावरही, भिलाईला गेले की एक तरी सांगायचीच. आई मागत नसे. माझ्यापुढे ताट ठेवायची आणि समोर बसून राहायची. त्यावरून मला कळायचं.

माझेही शेवटी संपले. गेल्या हिवाळ्यात गेले तेव्हा मला एकही नवा आठवेना. आई आता थकली आहे, कानांनी कमी ऐकते, बाबा गेल्यापासून एकटी आहे आणि माझ्याकडे यायला तयार नाही. ती समोर येऊन बसली. मी बोलायला सुरुवात केली. म्हटलं, एकदा अशीच थंडी होती, वर्गात एक गरीब मुलगी कुडकुडत होती, तर ताईनं आपला स्वेटर काढला आणि तिला देऊन टाकला.

आईनं माझ्याकडे पाहिलं. ‘स्वेटर देल्ला? सुजातानं?’

मी हो म्हटलं.

‘नाई वो,’ ती म्हणाली. ‘सुजाता कोणाले आपला स्वेटर नाही देत. दुसऱ्याचा काढून देईन एखाद्या वेळेस. हे तुवं बनवलं.’

बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. आईनं माझ्या ताटात आणखी थोडी भाजी वाढली, मी नको म्हणायच्या आत, आणि भिंतीला टेकून नीट बसली.

‘मंग,’ ती म्हणाली, ‘त्या पोरीनं काय केलं स्वेटराचं? सांग.’